घरची मोठी बॅटरी कोणत्या सर्किटवर घ्यायची? खानदेशातल्या घरांसाठी नेहमीचे प्रश्न

दुकानात गिऱ्हाईक आलं की किंमत विचारतं, वॉरंटी विचारतं, ‘किती तास चालेल’ विचारतं. ‘माझ्या घरातली वायर हे सोसेल का’ असं फार थोडे विचारतात. वायरिंगच्या कामात इतकी वर्षं काढल्यावर मी उलट क्रमानं चालतो. आधी घरातली सर्किटं बघायची, मग इन्व्हर्टर ठरवायचा आणि बॅटरी सगळ्यात शेवटी. खालचे प्रश्न लोकांनी विचारलेले आहेत, साधारण त्यांच्याच शब्दांत.

जुना इन्व्हर्टर सॉकेटला लावून पंधरा वर्षं चालला. नव्या मोठ्याला वेगळं सर्किट कशाला?

कारण जुना इन्व्हर्टर खातच नव्हता काही. ९०० व्हीएचा, एका बॅटरीचा इन्व्हर्टर चार्जिंगला लाइनवरून साधारण एक अँपिअर घेतो. त्यावरचे पंखे-दिवे धरले तरी सगळं मिळून चार अँपिअर. सहा अँपिअरच्या सॉकेटला त्याचं काही ओझं नाही.

आता ५ केव्हीएचा, म्हणजे ५००० व्हीएचा इन्व्हर्टर आणि ५१.२ व्होल्ट, १०० एएचची (अँपिअर-अवरची) लिथियम बॅटरी घ्या. लाइट असते तेव्हा घराचा लोड इन्व्हर्टरच्या पोटातूनच पुढे जातो, याला बायपास म्हणतात. हा लोड ४ किलोवॅट असला तर साडेसतरा अँपिअर झाले. त्याच वेळी बॅटरीत तिच्या कमी व्होल्टेजवर ४० अँपिअर जात असतील तर लाइनवर आणखी साधारण २४०० वॅट, म्हणजे दहा-साडेदहा अँपिअर. बेरीज अठ्ठावीसच्या घरात गेली. आणि हे होतं नेमकं कधी? दोन-तीन तासांनी लाइट येते, बॅटरी उतरलेली असते, घरातले कूलर, फ्रिज, मिक्सर सगळे एकदम सुरू होतात तेव्हा. सोळा अँपिअरचं सॉकेट तिथे वितळतं. काळा पडलेला प्लग हातात घेऊन लोक येतात आणि म्हणतात, इन्व्हर्टर खराब निघाला.

लोक बाहेर जाणाऱ्या वायरीचा हिशोब करतात, आत येणाऱ्या वायरीचा विसरतात. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारींचं मूळ इथेच निघतं.

म्हणून मेन बोर्डापासून इन्व्हर्टरपर्यंत स्वतंत्र लाइन ओढायची, मध्ये सॉकेट नाही, जोड नाही. ५ केव्हीएसाठी तांब्याची सहा एमएम (म्हणजे चौरस मिलिमीटर) वायर आणि ३२ अँपिअरची डबल पोल एमसीबी, म्हणजे करंट मर्यादेबाहेर गेला की फेज-न्यूट्रल दोन्ही आपोआप तोडणारा स्विच. अंतर लांब असेल किंवा पाइप पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीतून जात असेल तर दहा एमएम घ्या. शिवाय बहुतेक नव्या इन्व्हर्टरमध्ये चार्जिंगचा करंट कमी-जास्त करायचं सेटिंग असतं. ते कंपनीतून आलं तसंच ठेवू नका. रात्रभर लाइट असते अशा घरात २० अँपिअर पुरेसे होतात, बॅटरी सकाळपर्यंत भरते आणि वायरही थंड राहते.

प्लग लावून वापरायचं पेटीसारखं बॅटरी युनिट आणलं आहे. ते कुठेही लावता येईल ना?

त्याच्या मागच्या पाटीवर इनपुटचे वॅट बघा. सहा अँपिअरचं सॉकेट म्हणजे जास्तीत जास्त १३८० वॅट, सोळाचं म्हणजे ३६८०. पण हे आकडे तासन्‌तास ओढायचे नाहीत. बराच वेळ चालणारा लोड सोळाच्या सॉकेटवर बारा-तेरा अँपिअरच्या पुढे नको, हा माझा नियम. त्या सॉकेटच्या मागे अडीच एमएमऐवजी कुणी दीड एमएम वायर घातली असेल तर तोही हिशोब बसत नाही. बोर्ड उघडून बघितल्याशिवाय हे कळत नाही. वायरिंगचं बिल बघून तर मुळीच नाही. एक्स्टेन्शन बोर्डावर मात्र कधीच लावू नका.

बॅटरीवर काय घ्यायचं आणि काय सोडायचं?

संध्याकाळी वही घेऊन घरभर फिरा आणि लाइट गेल्यावर ज्याच्यावाचून खरंच अडतं तेवढंच लिहा. मुंबईच्या मार्केटिंगवाल्यांसारखं ‘होल होम बॅकअप’, म्हणजे सगळं घर बॅटरीवर, मी कुणाला सुचवत नाही.

आपल्याकडच्या साधारण घरात यादी अशी होते. तीन पंखे, साधे असतील तर प्रत्येकी ७५ वॅट, कमी वीज खाणारे बीएलडीसी असतील तर तीसेक. कूलर दीडशे ते अडीचशे. फ्रिज चालू असताना सव्वाशे-दीडशे, पण तो मध्ये मध्ये थांबतो म्हणून सरासरी साठेक धरा. दिवे साठ, वायफाय पंधरा. एवढं झालं की रात्र निघते.

सोडायचं ते गिझर, इस्त्री, इंडक्शन शेगडी, ओव्हन. उष्णता तयार करणारी कुठलीही वस्तू बॅटरीवर घेऊ नये. गिझर दोन हजार वॅटचा, इंडक्शन तेवढीच. घरघंटी मधली समजा. एक एचपीची मोटर चालू व्हायला जोर मागते, पण दळण काही लाइट गेल्यावरच काढायचं नसतं. मिक्सर हवाच. भरताचा ठेचा मिक्सरवर काढू नये असं आमच्या आईचं मत, पण ते वेगळं.

कानबाईच्या उत्सवाची रात्र ध्यानात ठेवून एकदा यादी तपासा. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी अख्खी भाऊबंदकी एका घरात जमते, रोट होतात, रात्रभर जागरण, वर लाइटिंगच्या माळा आणि एखादा स्पीकर. वर्षातून एकदाच होणाऱ्या लोडसाठी मोठा इन्व्हर्टर घेऊ नका. त्या रात्रीच्या माळांना बाहेरच्या सॉकेटवरून वेगळी लाइन द्या, ती बॅटरीवर आणू नका.

मग या यादीतल्या वस्तू ज्या ज्या सर्किटवर आहेत ती सर्किटं मेन बोर्डातून सोडवून वेगळ्या छोट्या डीबीत (एमसीबींच्या पेटीत) न्यायची. तीच बॅटरीची डीबी. गिझर आणि दिवे एकाच सर्किटवर असतील, आणि जुन्या घरात असतातच, तर आधी तो गुंता सोडवा. हे काम खर्चिक नाही, फक्त धुळीचं आहे.

पाच किलोवॅट-अवरची बॅटरी किती वेळ जाईल?

वरच्या यादीची बेरीज साधारण ५६० वॅट होते. बॅटरीत ५.१२ युनिट (एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-अवर) असले तरी पूर्ण तळ गाठायचा नसतो आणि इन्व्हर्टरही आपला वाटा खातो. हाती चार युनिट लागतात. चार हजाराला ५६० नं भागा, सात तास. लेड अ‍ॅसिडच्या १५० एएचच्या चार ट्यूब्युलर बॅटऱ्या कागदावर ७.२ युनिटच्या असतात. पण निम्म्याच्या थोडंसंच पुढे वापरल्या तर टिकतात, म्हणून हातात तीन-साडेतीन युनिटच येतात. आकडा मोठा दिसला म्हणून भुलू नका.

आणखी एक चोर असतो. मोठा इन्व्हर्टर काही न चालवताही पन्नासेक वॅट खातो. चोवीस तासांत सव्वा युनिट होतं.

एसी चालेल का हो?

चालेल, पण किती वेळ? दीड टनाचा एसी आपल्या एप्रिल-मेच्या दुपारी पूर्ण जोरात, दीड किलोवॅटवर चालतो. चार युनिट पावणेतीन तासांत संपतात. तेवढ्याच बॅटरीवर दोनशे वॅटचा कूलर वीस तास चालतो. जळगाव-भुसावळची कोरडी हवा कूलरला मानवते, पाऊस लागेपर्यंत तरी. घरात आजारी माणूस किंवा तान्हं बाळ असेल तर एका खोलीचा इन्व्हर्टर एसी बॅटरीवर घ्या. त्याला स्वतंत्र चार एमएमची लाइन आणि वीस अँपिअरची एमसीबी द्या. बाकी खोल्यांना कूलर.

पाण्याची मोटर?

एक एचपीची बोअरची मोटर चालू असताना सात-आठ अँपिअर घेते, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या पाचपट तरी मागते. ५ केव्हीएचा इन्व्हर्टर तिथे धापा टाकतो. कधी उचलतो, कधी अलार्म देऊन बंद पडतो. जमिनीवरच्या टाकीतून गच्चीवर पाणी चढवणारी अर्धा एचपीची मोटर मात्र चालते. बोअर लाइट असतानाच चालवून टाकी भरून ठेवा. शेतातल्या थ्री फेज मोटारीचा तर इथे प्रश्नच येत नाही. हे मला दर हंगामात कुणीतरी विचारतंच.

इन्व्हर्टर बसवल्यापासून आरसीसीबी सारखी पडते. कुणी म्हणालं काढून टाका.

काढू नका. ती पडते ती वायरिंगची चूक दाखवते म्हणून.

आरसीसीबी एकच गोष्ट बघते, फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की ती लाइन तोडते, कारण तो फरक कदाचित कुणाच्या तरी अंगातून जमिनीत गेलेला असतो. आता आपल्याकडची पद्धत बघा. इन्व्हर्टरच्या आउटपुटमधून फक्त एक लाल वायर ओढतात, ‘इन्व्हर्टर फेज’. न्यूट्रल मात्र ज्या त्या बोर्डातला जुनाच. समजा खालच्या आणि वरच्या मजल्याला वेगवेगळ्या आरसीसीबी आहेत. इन्व्हर्टरला लाइन खालून मिळते, त्याचा फेज वरच्या पंख्यापर्यंत जातो आणि परत येताना करंट वरच्या न्यूट्रलनं येतो. खालच्या आरसीसीबीला वाटतं गेलेला परत आला नाही, वरच्या आरसीसीबीला वाटतं न गेलेलाच परत आला. दोघी पडतात आणि दोघींचं बरोबर असतं.

उपाय एकच. बॅटरीच्या डीबीला स्वतःचा न्यूट्रल बार द्यायचा. तिथून प्रत्येक बोर्डापर्यंत फेजसोबत स्वतःची काळी वायर जायची. बोर्डात ती जुन्या न्यूट्रलला कुठेही शिवायची नाही. आणि त्या डीबीवर वेगळी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी.

यात अजून एक बारकावा आहे, तो बऱ्याच वायरमनलाही माहीत नसतो. लाइनचा न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीला जोडलेला असतो, म्हणूनच गळती झाली की आरसीसीबीला कळतं. मेन स्विच पाडला आणि घर बॅटरीवर चाललं की तो संबंध तुटतो. काही इन्व्हर्टर अशा वेळी आतल्या रिलेनं न्यूट्रल आणि अर्थ जोडून घेतात, काही घेत नाहीत. न घेणाऱ्यात खरी गळती झाली तरी आरसीसीबी गप्प बसते. तिचं टेस्टचं बटण मात्र दाबलं की पडते, कारण ते बटण फेज-न्यूट्रलमध्येच काम करतं. बटणावर विसंबू नका, मॅन्युअलमध्ये या जोडाबद्दल काय लिहिलंय ते वाचा. आणि हा जोड स्वतः तार लावून करू नका. लाइट आल्यावर तोच जोड दुसरा घोळ घालतो.

आमच्याकडे थ्री फेज मीटर आहे. इन्व्हर्टर सिंगल फेजचा घेतला तर?

घ्या, बहुतेक घरांना तेवढा पुरतो. बॅटरीवरचा सगळा लोड मोजून एका फेजवर आणा. इन्व्हर्टरला लाइन देणारा फेज बदलता यावा म्हणून फेज सिलेक्टर लावा. गावात डीपीवरून (ट्रान्सफॉर्मरवरून) एकच फेज गेलाय असं नेहमी होतं, तेव्हा उरलेल्या फेजवर चार्जिंग चालू राहतं.

एक गोष्ट मात्र करू देऊ नका. काही जण इन्व्हर्टरचं आउटपुट जुन्या डीबीच्या तिन्ही फेजना जंपर (जोडवायर) मारून देतात, ‘सगळं घर चाललं पाहिजे’ म्हणून. थ्री फेजमध्ये तिन्ही फेजचे करंट न्यूट्रलमध्ये बऱ्याच अंशी एकमेकांना कापतात, म्हणून तिथली न्यूट्रलची वायर एका फेजपुरतीच असते. जंपर मारला की तिन्ही वाटा एकाच फेजच्या होतात आणि न्यूट्रलमध्ये त्यांची सरळ बेरीज होते. न्यूट्रलवर एमसीबी नसते. तो आतल्या आत तापत जातो आणि कुणाला पत्ता लागत नाही.

डीपीवरचा न्यूट्रल सुटला तर २३० च्या जागी तीनशे-साडेतीनशे व्होल्ट घरात येतात. मेन बोर्डात ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवा. थ्री फेज घरात तो मला इन्व्हर्टरइतकाच गरजेचा वाटतो.

बॅटरी ते इन्व्हर्टर कुठली वायर? बॅटरी जिन्याखाली आणि इन्व्हर्टर हॉलमध्ये ठेवला तर?

नका ठेवू. ४८ व्होल्टवर ५ किलोवॅट म्हणजे शंभराच्या वर, नुकसान धरून ११५ अँपिअर. दोन मीटरच्या आत ३५ एमएमची तांब्याची केबल असेल तर फार बिघडत नाही. हेच अंतर दहा मीटर केलं तर त्याच केबलमध्ये सव्वाशे-दीडशे वॅट नुसते तापण्यात जातात. लांब न्यायचीच असेल तर २३० व्होल्टची बाजू न्या. बॅटरी आणि इन्व्हर्टर शेजारी शेजारीच हवेत.

बॅटरीच्या प्लसवर, अगदी टर्मिनलजवळ, डीसीचा फ्यूज किंवा डीसी ब्रेकर हवाच. किती अँपिअरचा ते मॅन्युअल सांगतं, १२५ ते १६० च्या दरम्यान असतो. घरात पडलेली नेहमीची, लाइनच्या एसी करंटची एमसीबी तिथे लावू नका. लाइनचा एसी करंट सेकंदात शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून ठिणगी विझते. बॅटरीचा डीसी करंट शून्यावर येतच नाही. ठिणगी तशीच जळत राहते आणि एमसीबीची पेटी पेटते.

लग, म्हणजे केबलच्या टोकाचे धातूचे जोड, क्रिम्पिंगच्या मशीननंच दाबलेले हवेत, हातोडीनं ठोकलेले नकोत.

एमसीबी बी कर्व्हची की सी?

दिवे-पंख्यांना बी, ती थोड्या झटक्यालाही पडते. फ्रिज, कूलर, मोटर असलेल्या सर्किटला सी, ती सुरू होतानाचा झटका बीपेक्षा जास्त सोसते.

उन्हाळ्यात एमसीबी दुपारीच पडते, रात्री नाही.

एमसीबीवर लिहिलेला आकडा ३० अंश तापमान धरून असतो. पारा ४५ वर गेला आणि डीबी पश्चिमेच्या भिंतीवर पत्र्याच्या पेटीत असली की आत पन्नास-पंचावन्न अंश होतात. ३२ ची एमसीबी तिथे २७-२८ लाच थकते. मोठी एमसीबी घालणं हा उपाय नाही, कारण वायरही त्याच उन्हात तापलेली असते. डीबी सावलीच्या भिंतीवर घ्या, नाहीतर तिच्यातल्या एमसीबींमध्ये एकेक घर रिकामं सोडा.

बॅटरीचंही तेच. लेड अ‍ॅसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना जवळपास निम्मं होतं. लिथियम थोडी सोशिक, पण फार तापली की तिची बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारं आतलं सर्किट) चार्जिंग थांबवते, आणि लोक म्हणतात बॅटरी भरत नाही. पत्र्याची खोली नको, गच्चीवरची टपरी नको. धाब्याचं जुनं घर असेल तर तिथली मातीच्या छताची खोली उत्तम. सिमेंटच्या बंगल्यापेक्षा ती कितीतरी थंड. लेड अ‍ॅसिडमधून चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो, म्हणून हवा खेळती हवी आणि शेजारी देव्हारा नको. नंदादीप आणि ती बॅटरी एका कोनाड्यात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

जनरेटर किंवा बॅटरी युनिटमधून दोन्ही बाजूंना पिन असलेल्या वायरनं घराच्या सॉकेटमध्ये लाइन दिली तर?

नाही. मेन स्विच पाडायला विसरलात तर तो करंट उलटा मीटरमधून डीपीवर जातो आणि तिथे चढून ११ हजार व्होल्टचा होऊ शकतो. वर खांबावर लाइनमन असतो. चेंजओव्हर स्विच बसवा, फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा.

अर्थिंग आहे की, घर बांधताना केलं होतं.

कोणत्या महिन्यात मोजलं? आपल्याकडची काळी माती पावसात चिकटून बसते तेव्हा अर्थिंग झकास असतं. उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात, माती रॉडपासून सुटते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. मे महिन्यात मोजा. खड्ड्यात पाणी घालायची जुनी पद्धत वेडेपणाची नव्हती. बॅटरीच्या यंत्रणेचं अर्थिंग घराच्याच अर्थिंगला जोडलेलं असावं. दोन वेगळी, एकमेकांशी न जोडलेली अर्थिंग करू नका. आणि बोर्डात सर्ज प्रोटेक्टर बसवा. वळवाच्या पावसात विजा कशा पडतात ते तुम्हाला सांगायला नको.

छतावर सोलर आहे, तरी लाइट गेली की घर बंद. पॅनल वाया गेले का?

नाही. ते ऑन-ग्रिड, म्हणजे बाहेरची लाइन असतानाच चालणारं आहे. लाइन गेली की त्याला बंद व्हावंच लागतं, नाहीतर वर सांगितलेल्या लाइनमनचं तेच होईल. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्य घर योजनेत, तीन किलोवॅट आणि पुढे ७८ हजारांच्या अनुदानावर, लोकांनी बसवलं ते बहुतेक असंच आहे. लाइट नसताना ऊन वापरायचं तर बॅकअपचं वेगळं आउटपुट असलेला हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. त्या आउटपुटवर फक्त बॅटरीची डीबी जोडायची, सगळं घर नाही.

मे-जूनच्या वादळात रावेर, यावल, मुक्ताईनगरकडे केळीच्या बागा आडव्या होतात, सोबत खांबही. दीपनगरच्या वीज केंद्राची धुराडी कितीही जवळ असली तरी तार तुटली की अंधार तो अंधारच. अशा दोन-दोन दिवसांच्या अंधाराला नुसती बॅटरी पुरत नाही. सात तासांनंतर ती भरायची कशातून? तिथे सोलर लागतंच.

महावितरणला कळवावं लागतं का?

बॅटरी घरापुरतीच असेल आणि वीज बाहेर जात नसेल तर नेट मीटरचा (आत-बाहेर दोन्हीकडची वीज मोजणाऱ्या मीटरचा) प्रश्न येत नाही. पण बिलावरचा ‘मंजूर भार’ बघा. तिथे दोन किलोवॅट लिहिलं असेल आणि चार्जिंगसकट तुम्ही पाच-सहा ओढणार असाल तर आधी भार वाढवून घ्या. मीटरपर्यंतची सर्व्हिस वायरही त्या मानानं जाड लागते. काम लायसन्स असलेल्या ठेकेदाराकडून करा आणि त्याचा टेस्ट रिपोर्ट मागून घ्या.

लाइट असूनही इन्व्हर्टर सारखा बॅटरीवर जातो.

गावात संध्याकाळी व्होल्टेज १६०-१७० वर येतं आणि तुमचा इन्व्हर्टर यूपीएस मोडवर, म्हणजे कॉम्प्युटर बंद पडू नये म्हणून चटकन बॅटरीवर जाणाऱ्या सेटिंगवर असतो. त्या मोडमध्ये तो १८० च्या खाली लाइन नाकारतो. साध्या मोडवर टाका. कॉम्प्युटर एखाद्या वेळी बंद पडेल, पण बॅटरी वाचेल.

काम झाल्यावर मी काय तपासू?

वायरमन घरात असतानाच मेन पाडा. बॅटरीवर जे चालायला हवं तेवढंच चालतंय ना बघा. गिझर चालू झाला तर सर्किट चुकलंय. मग बॅटरी अर्ध्यावर येऊ द्या, मेन चढवा, कूलर-फ्रिज सगळं लावा आणि टाँग टेस्टर (वायरीभोवती पकडून अँपिअर मोजणारा मीटर) इन्व्हर्टरच्या इनपुट वायरीला लावायला सांगा. किती अँपिअर येतात ते डीबीच्या दारावर आतून पेननं लिहून ठेवा. तासाभरानं त्याच वायरीला, एमसीबीला, लगांना हाताची पाठ जवळ नेऊन बघा, शिवायचं नाही. गरम झळ लागली तर स्क्रू सैल आहे. पहिला उन्हाळा सरला की सगळं बंद करून ते स्क्रू पुन्हा एकदा आवळून घ्या.